लोटांगण

माझ्या पँटींचे गुडघे सर्वांत आधी जातात. कापड कितीही जाड घेतले तरी दोन पावसाळे आणि एक उन्हाळा झाला की उजव्या गुडघ्यावर आधी चकाकी येते, मग धागे विरळ होतात आणि एखाद्या सकाळी जांभ्याच्या खरखरीत दगडावर ते फाटून मोकळे होतात. असाच एक फाटका पाय कापून, एक टोक शिवून आणि दुसऱ्या तोंडाला नाडी ओवून आईने मला एक पिशवी करून दिली. त्यात दीड किलो गहू मावतात. "शेतात राबणाऱ्याचेही गुडघे इतके फाटत नाहीत रे," असे ती शिवता शिवता म्हणाली होती. ही पिशवी जमिनीवर टाकायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि आपण तिच्यामागे पालथे पडायचे, अशी माझी गेल्या दहा-बारा वर्षांची निसर्गछायाचित्रणाची पद्धत आहे. हौसेने घेतलेला ट्रायपॉड कपाटाच्या माथ्यावर पडून आहे, कारण त्याचे पाय कितीही फाकवले तरी तो जमिनीपासून वीतभर वरच राहतो आणि मला हवे असलेले सगळे त्या वीतभराच्या आतच घडते.

पद्धत म्हणतो खरे, पण ती मी विचार करून ठरवलेली नव्हती. साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीस-एक किलोमीटरवर असलेले कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मी तेथे पहिल्यांदा कॅमेरा घेऊन पोहोचलो. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवरच्या या उघड्या सड्यावर पावसाळ्यात वारा म्हणून काही थांबत नाही. मी उभा राहून, लेन्स पूर्ण लांबवून, तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याकडे आणि सोनकीच्या पिवळ्या पट्ट्याकडे तोंड करून फोटो काढत होतो, जसे माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे पन्नास जण काढत होते. घरी येऊन पाहिले तर चारशेच्या वर फोटो होते. त्यांतले निम्मे वाऱ्याने हलले होते आणि उरलेले सगळेच्या सगळे एकाच उंचीवरून, म्हणजे माझ्या डोळ्यांच्या पाच फूट दोन इंचांवरून, टिपलेले होते. फुले मात्र टाचेएवढी, फार तर पोटरीएवढी. जगातल्या कोणत्याही वस्तूचा तिच्या टाळूवरून फोटो काढला तर ती जशी दिसेल, तशी ती दिसत होती.

दुसऱ्या खेपेला वाऱ्याने अगदी जेरीस आणले, तेव्हा एका दगडाच्या आडोशाला पाठ करून मी नुसता बसलो. फोटोसाठी बसलो नव्हतो, कान दुखायला लागले होते म्हणून बसलो होतो. जमिनीलगत वाऱ्याचा जोर फारच कमी असतो, ही गोष्ट कोणत्याही गुराख्याला माहीत असते. मला ती पस्तिसाव्या वर्षी कळली. बसल्यावर समोरच्या पाणथळ खळग्यात निळसर जांभळी, नखाएवढी फुले दिसली. ती थरथरत होती, पण उभ्याने पाहिलेल्या फुलांसारखी झोडपली जात नव्हती. त्या फुलांना सीतेची आसवे म्हणतात. आणखी खाली वाकून, गाल जवळजवळ चिखलाला टेकवून पाहिले, तेव्हा प्रत्येक फुलाच्या ओठावर दोन पांढरे डाग दिसले आणि त्या नाजूक देठांच्या मागे पठाराची कड, कडेमागे धुके आणि धुक्यात विरत गेलेला डोंगर दिसला. उभ्याने पाहताना फुलामागे चिखल होता. तेच फूल, तीच जागा, पण आता त्याच्यामागे अख्खा सह्याद्री उभा होता.

फोटोग्राफीची पुस्तके ज्याला पार्श्वभूमी म्हणतात ती निवडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्वतःची उंची बदलणे, हे त्या दिवशी गुडघ्यांना कळले. वरून पाहिले तर विषय आणि जमीन यांत चार बोटांचे अंतर असते, त्यामुळे मागचे गवत, काटक्या, खडे सगळे विषयाइतकेच ठसठशीत येते. जमिनीच्या पातळीवर आलो की मागचे जग एकदम पन्नास फूट, पाचशे फूट दूर जाते आणि आपोआप मऊ होते. त्यासाठी महागडी लेन्सही लागत नाही. मोबाइल उलटा धरला, म्हणजे त्याची लेन्स खालच्या बाजूला आली, तर ती जमिनीला अक्षरशः दोन बोटांवर टेकते. माझ्या भाचीने तिच्या साध्या फोनवर असा काढलेला गेंद या सड्यावरच्या पांढऱ्या फुलाचा फोटो माझ्या त्या वर्षीच्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस होता आणि हे मी तिला अजून पुरेसे मोकळेपणाने सांगितलेले नाही.

अर्थात खाली उतरले की नवीन अडचणी सुरू होतात. मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून फोटो काढताना एफ ११ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच बारीक ठेवूनही जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो, आणि नखाएवढ्या फुलालाही त्याहून जास्त खोली असते. मग एकच करता येते: फुलाचा जो भाग बोलका आहे, तो भाग आणि कॅमेऱ्याची पाठ एकमेकांना समांतर आणायची, म्हणजे तो तेवढा पापुद्रा तरी पूर्ण हाती लागतो. हे डोळ्यांनी नव्हे, मनगटाने जमते आणि जमायला एक मोसम जातो. पांढऱ्या फुलांचे वेगळेच. गडद हिरव्यावर एकच पांढरे फूल असले की कॅमेरा हिरव्याला पाहून प्रकाश वाढवतो आणि पाकळ्यांचा चुना होतो, म्हणून तेथे एक्स्पोजर थोडे उतरवावे लागते. उलट सगळीकडे धुके असले की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, तेव्हा चढवावे लागते. एवढे दोन काटे हाताला बसले की पावसाळ्यातले निम्मे काम झाले. ऊन नाही म्हणून हळहळणारे लोक मला सड्यावर दरवर्षी भेटतात. ढगाळ आभाळ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला पातळ पांढरा पडदा असतो आणि त्यातून झिरपणाऱ्या प्रकाशात ओल्या पानाचा खरा हिरवा रंग दिसतो, हे त्यांना पटवून देण्याचा नाद मी आता सोडला आहे.

ओलीबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे, कारण तिने माझे नुकसान केले आहे. पाच दिवस धुक्यात भिजलेली लेन्स मी आळसाने तशीच बॅगेत बंद करून माळ्यावर ठेवली आणि दिवाळीत काढली, तेव्हा काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. तेव्हापासून परतल्यावर हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, हे जेवणाच्याही आधी. गव्हाच्या पिशवीनेही एकदा गंमत केली. चार दिवस ती ओल्या जमिनीवर वापरून कोपऱ्यात टाकली होती. पाचव्या दिवशी उचलली तर शिवणीतून पांढुरके कोंब बाहेर आले होते. आता गहू आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पँटीच्या पायात, अशी व्यवस्था आहे.

लोटांगण घालायचे, पण कोठे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला आणि त्याची लाज वाटते. सड्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे तेवढाही नसतो. खाली जांभ्याचा कातळ, त्यात पोषकद्रव्ये नावापुरती, म्हणून तर तेथली काही झाडे किडे खाऊन गुजराण करतात. दवबिंदू नावाची वनस्पती आपल्या चिकट केसांवर चिलटे पकडते आणि ती सीतेची आसवे चिखलाखाली लपवलेल्या इवल्या फुग्यांनी सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढून घेतात. अशा जागी साठ-सत्तर किलोचा माणूस आडवा पडला की त्याच्या पोटाखाली काय काय चिरडते, याचा हिशेब फोटोत येत नाही. फुलांच्या गालिच्यात मधोमध लोळून स्वतःचे फोटो काढून घेणाऱ्यांवर मी पुष्कळ चरफडलो आहे, परंतु एका सकाळी उठून मागे पाहिले तर माझ्या लांबीरुंदीचा एक दबलेला आयत गेंदाच्या पांढऱ्या ताटव्यात स्पष्ट उमटला होता. आता मी फक्त उघड्या कातळावर किंवा मळलेल्या पायवाटेवर पडतो, आणि तेथून जे दिसेल तेवढेच माझे. यामुळे काही फोटो सुटतात. फार नाही सुटत. फुलांना पायवाटेचे वावडे नसते.

पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती उन्हाळ्यातली. पावसाळी सड्याचे वेड लागलेल्यांपैकी फार थोडे लोक एप्रिलमध्ये तेथे फिरकतात, कारण तेव्हा सडा म्हणजे काळपट तांबडा, भाजलेला, पापड्या सुटलेला कातळ असतो. साताऱ्याहून ठोसेघरच्या धबधब्यापुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. रांगेने पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांच्या पात्यांची घूं घूं सकाळपासून कानात भरून राहते. या पठारावर एक सरडा राहतो. अंगाने मातकट, तळहातावर सहज मावेल एवढा, एरवी दगडाचाच एक कंगोरा वाटावा असा. पावसाळ्याच्या आधीच्या विणीच्या दिवसांत मात्र नर सकाळी एखाद्या उंचवट्याच्या दगडावर चढतो, पुढच्या पायांवर छाती उचलतो आणि हनुवटीखाली घडी करून ठेवलेला कातडीचा पंखा फाडकन उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, मान वर-खाली करतो, दोन पावले सरकून दुसऱ्या दिशेला तोंड करून पुन्हा तेच. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी एक स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जीनस, मानली आणि तिला नाव दिले 'सरडा', आपल्या मराठीतला सरडा, लॅटिन लिपीत लिहिलेला. चाळकेवाडीच्या या सरड्याचे पूर्ण नाव सरडा सुपर्बा आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग एवढे शिकून त्यांनी वेगळे काय ठेवले?"

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा त्याच्यासमोर पालथा पडलो. कातळ आठ वाजताच तापायला लागतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, कोपरांखाली रबरी चपलांचा एकेक तळवा आणि पुढे गव्हाची पिशवी. सरळ चालत गेले तर तो जातो. वाकडेतिकडे, त्याच्याकडे न पाहता, मध्येच थांबत, आपली सावली त्याच्या अंगावर पडू न देता जावे लागते, आणि शेवटचे पंधरा-वीस फूट पोटावर. दुसरी युक्ती म्हणजे त्याच्या मागे न जाता त्याच्या दगडाकडे जायचे. प्रत्येक नराचे दोन-तीन ठरलेले दगड असतात; त्यांवर विष्ठेचे वाळके ठिपके दिसतात. असा एक दगड हेरून, सूर्य पाठीशी ठेवून, शटर १/१००० सेकंदावर लावून निपचित पडून राहिले की अर्ध्या-पाऊण तासात तो आपणहून येतो. पंखा पूर्ण उघडा असण्याचा क्षण इतका छोटा असतो की तो पाहून बटण दाबले तर मिटलेला गळा मिळतो. छाती उचलली जाते तेव्हाच दाबायला सुरुवात करावी लागते.

२०१७ सालच्या एप्रिलमध्ये मला तो फोटो मिळाला. सरडा माझ्यापासून तीन हातांवर होता. त्याच्या डोळ्याभोवतीचे खवले मोजता येत होते, गळ्याच्या पंख्यावर मागच्या शिरांच्या रेघा दिसत होत्या आणि एक मुंगी त्याच्या पुढच्या पायाच्या बोटांवरून चालत गेली तरी तो हलला नाही. मी पुढे सरकलो, तरी हलला नाही. दोन हात. त्या सकाळी मला जो अभिमान वाटला तो आजही आठवतो. मला वाटले की इतक्या पावसाळ्यांनी शिकवलेला संथपणा आता अंगात मुरला आहे, की आपण सड्याचा एक दगड झालो आहोत आणि हा प्राणी आपल्याला ओळखू लागला आहे. घरी आल्यावर पंख्याचा रंग जरा फिका वाटला, तर मी कॅमेऱ्याला दोष देऊन संगणकावर सॅच्युरेशनची पट्टी पुढे ओढली, निळा निळा केला, नारिंगी नारिंगी केला आणि फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. आलेगेले त्याच्यासमोर थांबत आणि मी त्यांना सबुरीवर छोटेसे प्रवचन देत असे.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. ते माझ्याच पठारावरचे होते. त्यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली होती. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. फिरत्या पात्यांखाली ते येत नाहीत, आले तरी शिकार करत नाहीत. म्हणून खाली सरडे वाढले आहेत. वर आभाळात कोणी नसल्यामुळे त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी झाले आहे आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. आणि एकाच जागी फार सरडे झाल्यामुळे खाणे वाटले जाऊन ते रोडावले आहेत आणि नरांच्या पंख्यांचे रंग उतरले आहेत.

मी हे वाचले तेव्हा माझा फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्या तीन हातांच्या अंतराचे श्रेय मी माझ्या पोटाला, कोपरांना, सबुरीला दिले होते; ते श्रेय माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या, मी प्रयत्नपूर्वक चौकटीबाहेर ठेवलेल्या पवनचक्कीचे होते. फिका रंग कॅमेऱ्याचा दोष नव्हता. कॅमेऱ्याने खरे सांगितले होते, खोटे मी सांगितले होते, तेही दोनदा: एकदा चौकट आवळून आणि एकदा पट्टी ओढून.

पुढच्या एप्रिलमध्ये मी पवनचक्क्या नसलेल्या बाजूला गेलो. माझ्या पावलांना काही संशोधन म्हणता येणार नाही, परंतु पहिला नर मी दहा पावलांवर असतानाच गेला, दुसरा त्याहूनही आधी, तिसऱ्यासाठी मी एका दगडाशी सव्वा तास पडून राहिलो. तो आला, चढला, अर्धा पंखा उघडला आणि एकाएकी दगडाखाली नाहीसा झाला. मला काहीच कारण दिसले नाही. मग मान वळवून वर पाहिले तर बऱ्याच उंचीवरून तिसा नावाचा एक शिकारी पक्षी सरकत चालला होता. पक्ष्याची सावलीही अजून आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. त्या दिवशीचा एकमेव बरा फोटो वीस फुटांवरून आहे, सरडा चौकटीत अंगठ्याच्या नखाएवढा आहे, आणि त्याच्या गळ्याच्या निळ्याला संगणकावर मी बोटही लावलेले नाही.

दिवाणखान्यातला फोटो काही महिने तसाच राहिला, मग मी तो काढला. तो वाईट होता म्हणून नव्हे. समोर थांबणाऱ्यांना काय सांगावे ते सुचेना. त्याच्या जागी कोणता लावायचा हे ठरवायला आणखी दोन उन्हाळे गेले. मधल्या काळात मी मॅक्रो लेन्स बाजूला ठेवून रुंद कोनाची लेन्स घेतली. या लेन्सने विषय मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्या अगदी वीतभर जवळ जावे लागते, आणि मग त्याच्यामागचे सगळे आवारही चौकटीत येते. सावध प्राण्याच्या बाबतीत हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. चाळकेवाडीच्या सरड्याने मात्र मला तेवढे जवळ येऊ दिले. का येऊ दिले ते आता मला ठाऊक होते, त्यामुळे कोपरे सोलून निघत असतानाही मनात फुशारकी नव्हती.

तो दगड पवनचक्कीच्या पश्चिमेला होता. म्हणजे सकाळी साडेसातला मी पूर्वेकडे तोंड करून पडलो तेव्हा समोर सरडा, त्याच्या डोक्यावरून उगवून वर गेलेला पांढरा मनोरा आणि मनोऱ्याच्या मागे कोवळा सूर्य, अशी सरळ रेघ झाली होती. पाठीमागून ऊन आल्यामुळे उघडलेल्या पंख्यातून प्रकाश आरपार येत होता आणि फिका निळाही काचेसारखा पेटत होता. पट्टी ओढायची गरजच नव्हती. अडचण एकच होती. पात्यांची लांब सावली दगडावरून, त्याच्या अंगावरून आणि माझ्या पाठीवरून साधारण सेकंदाला एक अशी जात होती. पहिल्या चार-पाच सावल्यांना मी प्रत्येक वेळी नकळत मान आखडून घेतली. तो ढिम्म होता. सावली आली की पंखा विझायचा, गेली की पेटायचा, आणि दोन सावल्यांच्या मध्ये छाती उचलली जाण्याची वाट पाहत मी श्वास धरून मनातल्या मनात मोजत पडलो होतो: आली, गेली, आली, गेली.